हाकेवर चालणारं धुलाईघर

आता तिथे गाड्या उभ्या राहतात. दवाखान्याच्या मागच्या अंगाला उतारावरून खाली गेलं की जे लांबलचक तळघर लागतं, तिथे डॉक्टरांच्या गाड्या, भेटायला आलेल्यांच्या स्कूटर आणि कोपऱ्यात मोडक्या खाटांचा ढीग. गाडी लावणाऱ्या कुणाला सांगून पटायचं नाही, पण याच जागेत एके काळी इतकी वाफ असायची की समोरचा माणूस आधी आवाजावरून ओळखायचा आणि मग तोंडावरून. ओल्या सुताचा, सोड्याचा आणि तापलेल्या इस्त्रीचा मिळून एक वास असायचा. तो अंगाला चिकटून घरी यायचा आणि उशीवर झोपायचा. जी माणसं तिथे राबली त्यांचे पाय अजूनही कुणाच्या गच्चीत चादरी वाळताना दिसल्या की थबकतात.

या वाफेच्या मधोमध, एका उलट्या लाकडी खोक्यावर ती उभी असायची. तोंडावर सगळे तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे भोंगा. आपण भोंगाताई म्हणू, म्हणजे कुणाचाच मान जायला नको. तिला हे नाव माहीत होतं. वरवर डोळे वटारायची, पण मनातून खूश होती. "भोंगा कारखान्याला असतो. पानाच्या टपरीला कधी भोंगा बघितलाय?" असं नवऱ्याला ऐकवायची.

आवाज म्हणजे काय आवाज तो. सगळी मशीनं एकदम धडधडत असली तरी पार टोकाला इस्त्री करणाऱ्या बाईच्या हातून अभ्रा गळून पडेल असा. हाताने कपडे पिळायच्या कामावर ती लागली तेव्हा लग्नही झालं नव्हतं. पुढे मशीनं आली, पिळणाऱ्या बाया पांगल्या, हिला मात्र ठेवून घेतलं आणि होता होता मुकादम केलं. शाळा चौथीपर्यंत. कामाची अक्कल मात्र अंगात मुरलेली. जमिनीत जी गटाराची नाळी होती, तिच्यातून मशीनचं पाणी वाहून जायचं. त्या नाळीवर नजर ठेवून ती सांगायची कुठलं मशीन रिकामं झालं, कुठल्याचं पाणी अडलं, कुठल्यात साबण जास्त पडला. आणि मग हाक.

"खिडकीकडचं उघड!"

"अगं, ती चादर आहे, पोरगी बघायला आल्यासारखी काय न्याहाळत बसलीस? घाल घडी!"

"पिळ्या, झोपलास का उभ्या उभ्या?"

पिळ्या म्हणजे पिळणीच्या मशीनवरचा माणूस. काटक, हसरा, कामाला वाघ. आधी दोन ठिकाणी त्याचं बस्तान बसता बसता उठलं होतं. इथली नोकरी त्याला दोन कारणांनी प्यारी होती. एक म्हणजे नोकरीबरोबर दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली होती आणि तिच्यात त्याची म्हातारी आई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नळाचं पाणी पीत होती. आणि दुसरं म्हणजे भोंगाताईच्या शिव्या. आईच्या शिव्यांसारख्याच वाटतात, म्हणायचा.

या धुलाईघराचा एक नियम होता, आणि तो कुठे लिहून ठेवायची गरज कधी पडली नव्हती. ताईने हाक दिल्याशिवाय कुणी मशीनचं दार उघडायचं नाही. मशीन थांबलेलं असो, पाणी गेलेलं असो, वरून कुणी बोंबलत असो. हाक नाही तर दार नाही.

हा नियम काही कुणाच्या तोऱ्यातून जन्मला नव्हता. फार पूर्वी एका उतावळ्या गड्याने पाणी निघायच्या आत दार ओढलं होतं आणि उकळतं साबणपाणी घडीवाल्या मावशीच्या पायावर आलं होतं. मावशी वाचली, पाय वाचला, पण घोट्यापासून खालची कातडी कायमची गुलाबी आणि चुणीदार झाली. त्या दिवशी भोंगाताई खोक्यावर चढली आणि म्हणाली, इथून पुढे माझ्या तोंडाकडे बघायचं. त्यानंतर तसला अपघात पुन्हा कधी झाला नाही. नवीन माणूस आला की त्याला मशीन नंतर शिकवायचे, आधी ताईच्या तोंडाकडे बघायला शिकवायचे.

आणि तोंड हजर नाही असं कधी झालंच नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा भोंगाताई पहाटे येऊन पहिला घाणा लावून गेली होती, म्हणजे कपड्यांची पहिली भर मशीनमध्ये टाकून. रजा हा शब्द तिला शिवीसारखा वाटायचा. "मी नसले तर काय होईल इथे?" असं ती म्हणायची, आणि त्यात काळजीपेक्षा अभिमान जास्त असायचा. खरं सांगायचं तर अभिमानच असायचा.

तो आवाजच एका हिवाळ्यात चिरकायला लागला. आधी खवखव, मग घोगरेपणा, मग मधेच हाक अर्ध्यावर तुटून नुसती हवा. गरम पाणी, मध, मिरी, सगळं झालं. नवरा म्हणाला, "अगं, ज्या इमारतीच्या बुडाखाली तू उभी असतेस तिच्या डोक्यावर गळ्याचा डॉक्टर बसतो. जरा जिना चढ." तिने बरेच दिवस ऐकलं नाही. शेवटी एका सकाळी सगळी मशीनं भरून घेतली, चालू केली आणि कुणाला न सांगता सटकली. कुणाला सांगायचं कशाला? भोंगा आजारी पडतो का? पाणी निघायच्या आत परत येऊ, असा तिचा हिशेब.

वर गेली तर ही रांग. दवाखान्यात नोकरी केली म्हणून रांग काही कुणाला ओळखत नाही.

खाली मशीनं फिरली, पाणी निघून गेलं, एकेक करून सगळी गप्प झाली. धुलाईघरात इतकी शांतता कुणी ऐकलीच नव्हती. पिळ्याने खोक्याकडे बघितलं. खोका रिकामा.

"गेली असेल साबणवाल्याशी भांडायला," मावशी म्हणाली.

"मावशी, पाणी गेलंय बहुतेक. उघडू?"

मावशीने लुगडं जरा वर करून पाय पुढे केला. "हा बघ. बघितलास? नीट बघितलास ना? मग बस गप."

पिळ्या बसला. सगळेच बसले. काचेची गोल खिडकी होती प्रत्येक दाराला, पण वर्षानुवर्षांच्या खारट पाण्याने ती पांढरी फटक झाली होती, आत पाणी आहे की कपडे हे देवालाही दिसलं नसतं. धुतलेल्या चादरी अर्धा दिवस बंद दाराआड ओल्या पडून राहिल्या आणि त्यांच्यासमोर चांगली धडधाकट, इमानी माणसं हात बांधून बसून राहिली. कुणी कामचुकारपणा केला नाही. उलट इतक्या कसोशीने आज्ञा पाळली की वर ऑपरेशनच्या खोलीत स्वच्छ चादरींचं कपाट रिकामं झालं आणि भुलीचं इंजेक्शन द्यायला झोपवलेला माणूस पुन्हा खाटेवर नेऊन ठेवावा लागला.

मग साहेब खाली उतरले. साहेब म्हणजे दवाखान्याचा सगळा कारभार बघणारे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही वर कुणीतरी साहेब होता आणि त्याला संध्याकाळपर्यंत एक नाव सांगायचं होतं. चूक झाली की माणूस शोधायचा, ही आपल्या सगळ्या कचेऱ्यांची, कारखान्यांची, घरांचीसुद्धा जुनी खोड. माणूस सापडला, त्याला हाकलला, की सगळ्यांना हायसं वाटतं. बादली कुठे गळतेय ते बघत कुणी नाही. बादली उचलणाऱ्याला बदलायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जमीन ओली.

साहेबांच्या मागे मेट्रनबाई होत्या. सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, उंच, कमी बोलणाऱ्या, हाताची घडी घालून उभ्या राहायची सवय.

"दार का नाही उघडलंस?" साहेबांनी पिळ्याला विचारलं.

"ताईंची हाक नाही आली."

"हाक? तू काय बैल आहेस? मशीन बंद पडलेलं दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं साहेब."

"मग?"

"पण हाक नाही आली."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. "महिनाअखेरीला खोली रिकामी कर."

नेमकी याच क्षणी भोंगाताई जिना उतरून आली. डॉक्टरने घशात आरसा घालून बघितलं होतं आणि सांगितलं होतं, आवाजाच्या पडद्यावर गाठी आहेत, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज जाईल तो जाईलच. हे ऐकून ती फार तर दोन जिने उतरली असेल. तेवढ्यात मौन मोडलं.

"याला काढून काय मिळवणार साहेब?" आवाज कसला, तवा खरवडल्यासारखा. "याच्या जागी उद्या देव आणून बसवा. तोही माझ्या हाकेची वाट बघत बसेल. अशीच शिस्त आहे इथली. मी लावलीय."

"म्हणजे चूक तुमची म्हणायची."

"माझी म्हणा, नाहीतर याची म्हणा. नाव बदलून चादरी वाळतात का?"

मेट्रनबाई पहिल्यांदाच बोलल्या. "ताई, तुमच्या शिस्तीवर इतकी वर्षं चादरी वर आल्या. आज आल्या नाहीत. दोन्ही खरं आहे." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "यांना महिनाभर बोलता येणार नाही. डॉक्टरांनी यांच्या हातातल्या चिठ्ठीवर तसं लिहिलंय. हा महिना बिनहाकेचं चाललं तर या मुलाला ठेवा. नाही चाललं तर काढा, मी मधे पडणार नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. पिळ्याने भोंगाताईकडे बघितलं. नेहमीसारखं, तोंडाकडे. आणि त्या तोंडातून आता काहीच येणार नव्हतं.

घरी वेगळीच मजा. नवरा बसवर कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झालेला. तिने नातीची पाटी घेतली आणि खडूने सगळा प्रकार लिहून दाखवला. त्याने चष्मा लावून वाचला, पाटी परत दिली आणि म्हणाला, "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझं एक वाक्य शेवटपर्यंत पोचतंय. थांब, अजून एक बोलून बघतो."

तिने आमटीचा डाव पातेल्यावर आपटला.

"बरं बरं. आपटून घे. आवाज त्याचाही होतोच."

तिने पाटीवर लिहिलं, त्या पोराची खोली जाईल.

मग मात्र तो गंभीर झाला. सुपारीचं खांड तोंडात टाकलं. म्हणाला, "एक सांगू का? इतकी वर्षं गाडीवर काढली, ड्रायव्हरला कधी हाक मारली नाही मी. मारायची सोयच नव्हती, गर्दीत ऐकू जाणार कसं? दोरी होती, घंटी होती. एक टोला थांब, दोन टोले चल. आणि घंटी ड्रायव्हरच्या हातात का नव्हती? कारण दार त्याला दिसत नाही. मागे म्हातारी एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर ठेवून उभी असते, ती मला दिसते. ज्याला दार दिसतं त्याच्या हातात घंटी."

तिने पाटी पुसायला घेतली.

"तुझ्याकडे उलटंच आहे. दारापाशी उभा आहे पिळ्या आणि घंटी तुझ्या नरड्यात."

त्या रात्री तिला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा, डोक्याला वाफ चढवणारा. माझ्या नरड्याने एवढ्या माणसांचे पाय वाचवले आणि हा तिकिटं फाडणारा मला घंटी शिकवतो. सकाळी चहा देताना तिने त्याच्या कपात साखर घातली नाही. तो मुकाट्याने प्यायला. तोही काही कमी नव्हता.

पहिला प्रयोग तिने स्वतःच्या डोक्याने केला. एक फळा आणून खोक्याशेजारी उभा केला आणि हाका खडूने लिहायला लागली. वाफेने फळ्याला घाम फुटला आणि अक्षरं गळून नाळीत गेली. शिवाय निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. त्या फळ्याकडे बघून एकमेकींना विचारायच्या, "काय म्हणतेय गं?" दिवसभरात दोन घाणे कमी निघाले. पिळ्या हसला नाही. तो हसत नाही हे बघून तिने फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग तिने घंटीची गोष्ट उचलली, नवऱ्याला श्रेय न देता. मशीनच्या धडधडीत घंटी काय ऐकू येणार, म्हणून तिने डोळ्यांचं काम काढलं. सुट्टीच्या दिवशी पिळ्याला आणि मावशीला बोलावलं. तिघांनी मिळून मशीनच्या गोल काचा घासायला घेतल्या. लिंबाच्या आम्लाचं पाणी, तारेचा चोथा, बोटं सोलवटली. पांढरा थर सुटेना. मावशी कुरकुरायला लागली. "हे म्हणजे कावळा घासून पांढरा करण्यातलं काम." पण दुपारी एका काचेचा मधला भाग मोकळा झाला, पिळ्याने तिला डोळा लावला आणि एकदम मागे सरकला.

"मावशी, आतलं सगळं दिसतंय."

"काय दिसतंय?"

"नाही, म्हणजे रिकामं आहे. पण रिकामं आहे हे दिसतंय."

मग फाटक्या चादरींच्या पट्ट्या. निम्म्या पांढऱ्याच ठेवल्या, निम्म्या कपड्यांच्या निळीत गच्च बुडवून निळ्या केल्या. प्रत्येक मशीनवर एक खिळा. मशीन भरलं की भरणाऱ्याने पांढरी पट्टी अडकवायची. काचेत पाणी दिसायचं थांबलं की मशीनपाशी जो असेल त्याने पांढरी काढून निळी अडकवायची. आणि दार मात्र त्याने उघडायचं नाही. दुसऱ्याने यायचं, काचेतून स्वतः बघायचं, मग उघडायचं. हा शेवटचा भाग मावशीचा. तिने हट्टच धरला. "एकाचा डोळा चुकतो. दोघांचा एकदम चुकला तर मग माझ्या नशिबातच होतं म्हणेन." पायाची किंमत जिने मोजली होती तिचं म्हणणं डावलायचं कुणी?

धुतलेल्या कपड्यांच्या ढकलगाड्यांसाठी जमिनीवर तेलरंगाने चौकोन काढले. चौकोन रिकामा असेल तर गाडी आण, भरलेला असेल तर आणू नकोस. इस्त्रीवाल्या बायांपुढे आता ढीग साचेना. एक जण म्हणाली, "आधी कळायचंच नाही हो, किती राहिलंय. आता दिसतं तरी, कुठवर आलोय ते."

सगळं लागलं, सगळ्यांना समजलं. आणि तरी चालेना.

कारण भोंगाताई खोक्यावर उभी होती. पिळ्या काचेतून बघायचा, पाणी गेलेलं त्याला दिसायचं, हात निळ्या पट्टीकडे जायचा आणि वाटेत थांबायचा. मान वळायची. ताईकडे. ती डोळ्यांनी हो म्हणायची, मग पट्टी चढायची. दुसरी बाई दार उघडायला यायची, तीही आधी ताईकडे बघायची. तोंडाची हाक गेली आणि भुवयांची आली. ती नाळीकडे वळली की सगळं धुलाईघर तिच्या पाठीकडे बघत उभं. एकदा तिला शिंक आली, तर दोघांनी दारं उघडली.

मेट्रनबाई अधूनमधून येऊन दाराशी उभ्या राहायच्या, काही न बोलता बघून जायच्या. महिना सरत आला तशा एका सकाळी आल्या त्या सरळ खोक्यापाशी.

"उद्या साहेब येणार आहेत बघायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही उद्या इथे नसाल."

भोंगाताईने जोरजोरात मान हलवली. पाटी शोधायला लागली.

"लिहू नका, मला कळतंय. पोरं बुडतील म्हणता ना?" मेट्रनबाईंनी खोक्याच्या कडेला हात टेकला. "मी नवीन असताना आमच्या थोरल्या सिस्टर माझ्या मागे उभ्या असायच्या. फार चांगल्या होत्या. इंजेक्शन देताना मी रोग्याच्या हाताकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. त्या बदलून गेल्या तेव्हा मी रडले. आणि त्यानंतर पहिल्यांदा मला शीर सापडली. तुम्ही खोक्यावर आहात तोवर कुणाला काच दिसणार नाही ताई. उद्या वर माझ्या खोलीत येऊन बसा."

हे बोलणं कुणा दुसऱ्याने केलं असतं तर भोंगाताईने खोका उचलून त्याच्या पायावर टाकला असता. पण पिळ्या कोपऱ्यातून बघत होता. त्याच्या आईने कालच खोलीतली भांडी एका पोत्यात बांधून ठेवली होती, हे मावशीने तिला सांगितलं होतं. ही म्हाताऱ्या बायकांची रीत. वाईट बातमी यायच्या आधी तयारी करून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती आली, पहिला घाणा लावून झालेला बघितला, कुणाकडे न बघता जिना चढली. मेट्रनबाईंची खोली म्हणजे एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. खिडकीतून धुलाईघराची वाफेची नळी दिसायची. ती तेवढ्या नळीवर डोळे लावून बसली. वाफ आली की तिला कळायचं, गरम पाणी सुटलं. वाफ थांबली की समजायचं, धुणं संपलं. आता पाणी निघत असेल. आता निघालं असेल. आता कुणीतरी काचेला डोळा लावला असेल, की सगळे रिकाम्या खोक्याकडे बघत बसले असतील? ती दोनदा उठली. दोन्ही वेळा मेट्रनबाईंनी कागदांतून मान वर न करता नुसतं बोट खुर्चीकडे केलं. भोंगाताईला आयुष्यात कुणी असं बसवलं नव्हतं. तिला मेट्रनबाईंचा राग आला, स्वतःच्या नरड्याचा आला, आणि त्या नळीचा तर विचारू नका.

वाफ थांबली आणि बराच वेळ पुन्हा आलीच नाही.

बसवत नव्हतं. मावशीने पाय पुढे केला असेल. हा बघ माझा पाय. आणि पिळ्या बसला असेल खाली, हात बांधून, इमानाने.

मग नळीतून एकदम फस्सकन वाफ निघाली. दुसरा घाणा लागला होता. म्हणजे पहिला बाहेर निघाला होता. कुणीतरी बघितलं, कुणीतरी पट्टी बदलली, दुसऱ्या कुणीतरी दार उघडलं. तिला न विचारता.

थोड्या वेळाने बाहेरच्या लांब ओसरीतून चाकांचा आवाज आला. दार उघडंच होतं. पिळ्या ढकलगाडी घेऊन चालला होता, वर हिरव्या चादरींच्या घड्या, अजून कोमट. त्याच्या मागून साहेब, आज घड्याळाकडे न बघता. पिळ्या दारासमोरून गेला. भोंगाताई खुर्चीत जरा सरसावून बसली, त्याला दिसावी अशी. पण त्याने बघितलं नाही. त्याची नजर समोर होती, ऑपरेशनच्या खोलीच्या कपाटावर, कुठला कप्पा रिकामा आहे ते शोधत. तो पुढे निघून गेला.

तिचा जीव तीळतीळ तुटला. एकदा बघायला काय झालं होतं मेल्याला? शेजारून गेला, मान वळवली असती तर मानेला काय लचक भरली असती? डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रागाचंच आहे असं स्वतःला सांगितलं. काही अंशी होतंही.

साहेब परत येताना दारात थांबले. "चाललं की खाली," म्हणाले. "मला वाटलं नव्हतं." मग मेट्रनबाईंना म्हणाले, "त्या मुलाला सांगा, आईला भांडी सोडायला लाव म्हणावं." म्हणजे पोत्याची गोष्ट त्यांच्याही कानावर गेलेली. दवाखान्यात भिंतींनाच नाही, साहेबांनाही कान असतात.

ते गेल्यावर मेट्रनबाईंनी चहा मागवला. कप भोंगाताईच्या पुढे सरकवला. ती अजून दाराबाहेर बघत होती, जिथून चाकांचा आवाज दूर गेला होता.

"त्याने वळून बघितलं नाही, हो ना?" मेट्रनबाई म्हणाल्या.

भोंगाताईने नाही अशी मान हलवली.

"माझ्याकडेही आता माझ्या पोरी बघत नाहीत. पहिल्या दिवशी फार लागतं." बस, एवढंच बोलून त्या आपल्या कागदांकडे वळल्या.

भोंगाताईने कप उचलला आणि सवयीने एकदम मोठा घोट घेतला. जीभ चांगलीच भाजली. इतकी वर्षं कामावर तिचा चहा खोक्याच्या कडेला निवत पडायचा, साय धरायचा, आणि ती तो दोन हाकांच्या मधे घशात ओतायची. कामाच्या वेळी चहा गरम असतो, ही गोष्टच तिला ठाऊक नव्हती. तिने कप बशीत ठेवला. घाई कसलीच नव्हती. खाली नळीतून वाफ येत होती. ती फुंकर घालत, थोडा थोडा, सगळा चहा प्यायली.